शहराजवळचे शांत गाव : एक परिसरपाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

पाठ्यपुस्तकांत खेडे आणि शहर अशी दोन चित्रे समोरासमोर छापण्याची जुनी प्रथा आहे. एका चित्रात बैलगाडी, विहीर आणि वडाचा पार. दुसऱ्यात उंच इमारती, मोटारी आणि माणसांची दाटी. सातारा जिल्ह्यातील पुष्कळ मुले यांपैकी कोणत्याच चित्रात राहत नाहीत. त्यांच्या गावी माध्यमिक शाळा असते, बँकेची शाखा असते, औषधांचे दुकान असते, आठवड्याचा बाजार भरतो, क्वचित जुन्या राजवटीचा एखादा वाडाही उभा असतो. आणि तरीही रात्री आठ-साडेआठच्या सुमारास रस्ता असा निजतो, की दोन आळ्या पलीकडे कोणी कडी लावली तर ती ऐकू यावी. धड खेडे नाही, धड शहर नाही, अशी ही गावे सातारा, कराड, फलटण यांसारख्या लहान शहरांपासून एसटीने तास-दीड तासाच्या अंतरावर असतात.

अशा गावातील चौथीच्या वर्गास 'तुमच्या गावात काय काय आहे?' हा प्रश्न विचारून पाहावा. शाळा, देऊळ, दवाखाना अशी चार-दोन नावे येतात आणि मग एखादा मुलगा प्रांजळपणे म्हणतो, "बाकी काय नाय गुरुजी, सगळं साताऱ्यात हाय." हे उत्तर चूक म्हणून खोडून टाकू नये. मुलगा घरी ऐकलेलेच बोलत असतो आणि त्यात तथ्याचा अंशही असतो. परंतु ते उत्तर तसेच ठेवून पुढील पाठाकडे वळणे योग्य होणार नाही. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या गावाविषयी 'काही नाही' असा निकाल एकदा मनाशी करून टाकला, की पुढे तो गावात राहिला तर नाइलाजाने राहतो, आणि गेला तर गावाची लाज बाळगून जातो. गाव सोडून जाण्यात गैर काही नाही. लाज मात्र शाळेने रुजू देता कामा नये.

प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच, की गावाची शांतता म्हणजे गावाचे रिकामेपण नव्हे, हे मुलांनी स्वतः शोधून पाहावे. शांततेला कारणे असतात. काही गावांच्या शांततेला तर तारीखसुद्धा सांगता येते. खटाव तालुक्यातील औंध हे त्याचे चांगले उदाहरण आहे. म्हणून प्रथम शिक्षकांच्या पूर्वतयारीसाठी त्याची माहिती येथे थोडी विस्ताराने दिली आहे.

राजधानीचे गाव

साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पर्जन्यछायेच्या कोरड्या माळरानात औंध वसलेले आहे. टेकडीवर यमाईचे मूळपीठ. खाली गावात यमाईचे दुसरे मंदिर, त्यापुढील भव्य दीपमाळ आणि लगतच राजवाडा. टेकडीच्या मध्यावर श्रीभवानी चित्र-पदार्थसंग्रहालय आहे. यात्रेचे दिवस सोडून एरवी कधीही जावे, गाव शांत दिसते. मुलांना प्रथम हे सांगावे, की १९४८ पर्यंत हे गाव राजधानी होते.

'राजधानी' म्हटल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांपुढे हत्ती, तोफा आणि किल्ले उभे राहतात. तो समज येथेच दूर करावा. औंध संस्थान लहान होते. त्यात बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. फुटलेल्या बांगडीचे तुकडे विखुरावेत तशी ती विखुरलेली होती : काही औंधभोवती, काही आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि कुंडल येथे, तर काही दूर गुणदाळ भागात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील विजयपुरा जिल्ह्यात. नकाशावर ही चार ठिकाणे मुलांकडून दाखवून घ्यावीत. एवढ्या विखुरलेल्या मुलखाचा कारभार ज्या गावातून चाले, तेथे काय काय असावे लागेल, हे मुलांनाच विचारावे. कचेरी, न्यायालय, खजिना, शाळा, परगावच्या विद्यार्थ्यांची सोय, टपाल, आल्या-गेल्याची खानावळ, अशी उत्तरे थोड्या मदतीने येतात.

संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि १९५१ मध्ये निवर्तले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविण्याचा त्यांनी ध्यास घेतला. आज शाळांतून घातला जाणारा सूर्यनमस्कार पुष्कळ अंशी त्या ध्यासाचा ऋणी आहे. संग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये उभारले. तेथे राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या विख्यात ब्रिटिश शिल्पकाराचे मायलेकराचे एक पाषाणशिल्पही आहे. ज्या शिल्पकाराच्या कृती पाहण्यासाठी लोक लंडनच्या संग्रहालयांत जातात, त्याची एक कृती खटावच्या माळावर आहे, ही गोष्ट मुलांना सांगितल्यावाचून राहू नये. 'सगळं साताऱ्यात हाय' या वाक्याचे परस्पर उत्तर होते.

याच गावी १९१८ च्या सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. वेदग्रंथांच्या प्रकाशनाचे त्यांचे स्वाध्याय मंडळ येथेच चाले. ग्रंथ औंधास छापले जात आणि देशभर जात. कोकणातील पालगडचे साने गुरुजी विद्यार्थिदशेत औंधास शिकावयास आले होते. प्लेगमुळे त्यांना गाव सोडावे लागले. ग. दि. माडगूळकर हेही औंधच्या शाळेचे विद्यार्थी. संस्थानच्याच मुलखात, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. लहान राजधानीसुद्धा माणसे कशी ओढून घेते, हे एवढ्या नावांवरून कळते.

आता या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. १९३८ मध्ये पंतप्रतिनिधींनी आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आणण्यास मान्यता मिळाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद हे पोलिश अभियंते या कार्यात अग्रभागी होते. कारभाराचा पाया गावच्या पंचायतीचा होता. मतदारास लिहिता-वाचता यावे, असे गांधीजींनी सुचविले होते. त्यामुळे प्रौढांना अक्षरे शिकविणे हे तेथे राज्यकारभाराचेच काम होऊन बसले. प्राथमिक शिक्षकाच्या धंद्याची इतकी प्रतिष्ठा फारच थोड्या राजवटींनी मानली असेल. आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळात सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला प्रेरणा तिचीच होती आणि त्याची कथा माडगूळकरांची.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. हे विलीनीकरण योग्य आणि आवश्यक होते, याविषयी शंका नसावी. बहात्तर विखुरलेल्या गावांचे वेगळे राज्य स्वतंत्र भारतात चालविण्यात कोणाचेच हित नव्हते. परंतु राज्याचे हित आणि एका गावाचे नशीब या दोन गोष्टी नेहमी एकत्र चालत नाहीत. कचेरी उठली की कारकून जातो. कारकून गेला की त्याच्या बिऱ्हाडाला लागणारा किराणा, शिंपी आणि दूधवाला यांचे गिऱ्हाईक जाते. न्यायालय उठले की पक्षकार यावयाचे थांबतात आणि खानावळीची चूल विझते. त्याच १९४८ मध्ये सातवळेकरांनीही आपले कार्य आजच्या गुजरातेतील पारडी येथे हलविले. तालुक्याचे ठिकाण वडूज, जिल्ह्याचे ठिकाण सातारा. औंधची शांतता अशी आली. ती झोप नव्हे. बदललेल्या कारभाराचा तो परिणाम आहे.

तरीही सगळेच गेले नाही. औंध दरबारचे गवई पंडित अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत उत्सव आश्विनात भरत आला आहे. रात्रभर गाणे ऐकण्यासाठी शहरातील माणसे त्या दिवशी गावाकडे येतात, म्हणजे एसटीची भरलेली बाजू उलटते. मुलांना ही गंमत फार आवडेल.

प्रत्येक गाव औंध नसते, हे खरे. परंतु 'आपल्या गावातून काय उठून गेले, केव्हा गेले आणि का गेले?' हा प्रश्न कोणत्याही गावाला विचारता येतो. एखाद्या गावी पूर्वी गुरांचा बाजार भरत असेल, एखाद्या गावचा रस्ता नव्या महामार्गाने बाजूला पडला असेल. गावातील सत्तरी ओलांडलेल्या दोन स्त्रिया व दोन पुरुष यांना मुलांनी हा प्रश्न विचारावा. पुरुष बहुधा कचेरी आणि पुढारी यांच्याविषयी सांगतात. स्त्रिया पाणी, दळण आणि बाजार यांविषयी सांगतात. दोन्ही लिहून घ्यावे.

वर्गातील संभाषण

पाठाचा दुसरा भाग आजच्या गावाविषयी आहे. त्याचा आरंभ एसटीने करावा, कारण शहराचे आणि अशा गावाचे नाते मुलांनी प्रथम पाहिलेले असते ते एसटीच्या दारात. संभाषण साधारणतः पुढीलप्रमाणे व्हावे. मुलांची बोली सुधारण्याची येथे घाई करू नये.

शिक्षक : आज सकाळी गावातून पहिली गाडी कोणती गेली?
मुले : मुक्कामी गाडी, गुरुजी. सहाची.
शिक्षक : तिला मुक्कामी का म्हणतात?
मुलगी : ती रातीला हितंच राहती. डायवर-कंडक्टर हितंच झोपत्यात.
शिक्षक : सकाळी ती रिकामीच जाते का?
मुले : नाय. कॉलेजची पोरं असत्यात. आमची आत्या दवाखान्यात कामाला जाती, ती असती.
शिक्षक : आणि दूध?
मुलगा : दूध टेम्पोनं जातं. त्याच्याही आधी.
शिक्षक : संध्याकाळी गाडीतून काय काय उतरते?
मुलगा : आमच्या इहिरीवरची मोटार जळलेली, ती भरून आणली बापानं.

येथे थांबून फळ्यावर 'गेले' आणि 'आले' असे दोन रकाने आखावेत. हा तक्ता मुलांनी आठ दिवस भरावयाचा आहे : एक दिवस पहाटे, एक दिवस सायंकाळी, एक बाजाराच्या दिवशी, याप्रमाणे. गटागटाने मुले एसटीच्या थांब्यावर, दूध संकलन केंद्रावर आणि बाजाराच्या वाटेवर, घरच्या मोठ्या माणसाबरोबर उभी राहतील व मोजतील. आकडे त्यांचे त्यांनीच आणावेत. शिक्षकाने अंदाजाने घालू नयेत. चौथीच्या बेरीज-वजाबाकीला यापेक्षा चांगले उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

तक्ता भरू लागला की गावाविषयीचा मुलांचा समज हळूहळू पालटतो. गावातून दूध, कांदा, बटाटा, ज्वारी आणि माणसांचे श्रम जातात. गावात औषधे, वह्या, कापड, भरून आणलेल्या मोटारी आणि पगार येतात. एखादा गट पेढ्यांचे खोकेही नोंदवील. ते खोके वर्गात मुद्दाम चर्चेस घ्यावे. साताऱ्याचा म्हणून नावाजलेला कंदी पेढा ज्या दुधाचा होतो, ते दूध साताऱ्याच्या पेठांत निघत नाही. ते अशाच गावांच्या गोठ्यांतून पहाटे निघते आणि नाव बदलून, भाव वाढवून, कोणाच्या परीक्षेच्या निकालाला परत येते. वाढलेला भाव कोठे राहिला, हा प्रश्न पाचवीच्या मुलांना झेपतो. शहर गावाला लुटते, असा सोपा निष्कर्ष काढून देण्याचे मात्र टाळावे. पेढा करणाऱ्याचे कसब, जळण आणि दुकानाचे भाडे यांचाही हिशेब मुलांनी मांडावा.

कुलुपे आणि रात्र

गावाच्या शांततेचे गोडवे गाण्याचा मोह शिक्षकास होईल. शहराचा धूर, गोंगाट आणि गर्दी यांच्याशी तुलना करून निबंध लिहून घेण्याची पद्धत जुनी आहे आणि तिने मुलांचे फारसे कल्याण झालेले नाही. शांतता सर्वांना सारखी नसते. रात्री बाळंतपणाची वेळ आलेल्या घराला ती शांतता भिववते. संध्याकाळची गाडी रद्द झाली की वाडीवस्तीवरच्या मुलीचे महाविद्यालय पहिल्या वर्षातच सुटते. मुलाचे सहसा सुटत नाही, कारण त्याला कोणीतरी दुचाकीवर घेऊन येतो. हा फरक मुलीच आधी सांगतील. त्यांना बोलू द्यावे.

आळीतील काही घरांना कुलपे असतात. कुलूप कोणाच्या घराला आहे आणि ते केव्हा निघते, हे मुलांना विचारावे. खटाव, माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातील कित्येक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त भारतभर पांगली आहेत. कित्येक मुंबईत आहेत. ही माणसे गावाला विसरलेली नाहीत, परंतु गावात नाहीत. कुलूपबंद घराच्या शांततेचे कारण दुष्काळ आहे, आणि टेकडीवरच्या देवळाच्या शांततेचे कारण वेगळे आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तरी मुलांच्या मनात त्या वेगळ्या राहाव्यात.

शिक्षकाचा मुक्काम

या पाठाचा निम्मा भाग शाळेच्या वेळेबाहेर घडतो, हे एव्हाना लक्षात आले असेल. दूध पहाटे जाते, माणसे दिवेलागणीला परततात. दहाच्या सुमारास गावात उतरून पाचच्या गाडीने शहराकडे निघणारा शिक्षक ज्या वेळी गावात असतो, त्या वेळी गाव गावात नसते. ते शेतावर किंवा शहरात गेलेले असते. मग त्यालाही हे गाव रिकामे वाटले तर नवल नाही, आणि त्याचे ते वाटणे न बोलताही वर्गापर्यंत पोहोचते. गाडीचा चालक आणि वाहक गावी मुक्काम करतात आणि गुरुजी करीत नाहीत, ही गोष्ट मुले बोलत नाहीत; पण मुलांनी ती मोजलेली असते.

मुख्यालयी राहण्याचा विषय परिपत्रके, दाखले आणि घरभाडे भत्ता यांच्या वादात कोरडा होऊन गेला आहे. शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पुष्कळ गावी भाड्याने देण्याजोगी खोली नसते. एकट्या शिक्षिकेला तर ती मिळूनही राहणे सोपे नसते. पतिपत्नींपैकी एकाची नोकरी शहरात असते, आईवडिलांचे औषधपाणी शहरात असते. या अडचणी भत्ता बंद करण्याच्या धाकाने सुटत नाहीत. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शहरातील शाळांची पिवळी बस आता गावाच्या वेशीपर्यंत येते आणि गावच्या शाळेचा पट घटतो. स्वतःची मुले शहरात शिकविणारा शिक्षक जेव्हा पालकाला 'आपली शाळा चांगली आहे' असे सांगतो, तेव्हा पालक ऐकून घेतो, मान हलवतो आणि जूनमध्ये मुलीला पिवळ्या बसमध्ये बसवतो.

ज्यांना गावात बिऱ्हाड करणे शक्य नाही, त्यांनी निदान या पाठापुरते दोन मुक्काम करावेत, असे सुचवावेसे वाटते : एक बाजाराच्या आदल्या रात्री आणि एक साध्या, कोणताही सण नसलेल्या रात्री. दुसरा मुक्काम अधिक महत्त्वाचा. शेवटच्या गाडीतून कोण उतरते, कोणाच्या ओट्यावर किती वेळ बोलणे चालते, कोणत्या घरात मूल दिव्याखाली अभ्यासाला बसते आणि कोणत्या घरात बसण्यास जागाच नाही, हे त्या एका रात्रीत दिसते. वर्गातील 'अभ्यास करीत नाही' या शेऱ्यातील काही नावे दुसऱ्या दिवशी शिक्षक स्वतःहून खोडील.

पाठाची वेळ

औंध परिसरातील शाळांनी हा पाठ पौषातील यमाईच्या यात्रेपूर्वी पंधरा दिवस सुरू करावा; इतरांनी आपापल्या गावच्या यात्रेचा दिवस पाहून वेळ ठरवावी. यात्रेत कुलपे निघतात, परगावची मुले शाळेच्या पटांगणात खेळावयास येतात, आणि 'गेले–आले' चा तक्ता त्या दोन-तीन दिवसांपुरता सर्वस्वी उलटा होतो. त्या दिवसांचा तक्ता वेगळ्या कागदावर भरून घ्यावा आणि परगावच्या मुलांकडून ती कोणत्या गावाहून आली, तेथे त्यांची शाळा कोणत्या भाषेत चालते, एवढे दोन रकाने त्याला जोडावेत. ज्यांना टेकडी जवळ आहे त्यांनी एका सकाळी वर्ग मूळपीठावर नेऊन वरून गावाचा नकाशा काढून घ्यावा. इतरांना शाळेची गच्ची चालेल. नकाशात एसटीचा थांबा, दूध संकलन केंद्र, बंद घरे आणि उठून गेलेल्या जुन्या जागा वेगवेगळ्या खुणांनी दाखवाव्यात. सर्व कागदांवर तारीख, इयत्ता आणि मुलाचे नाव घालून ते शाळेच्या कपाटात ठेवावेत व त्यांची नोंद शाळेच्या दप्तरी करावी, म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गाला मागील वर्षीचा तक्ता समोर ठेवून मोजणी सुरू करता येईल.